निक्कोचा तोशोगू इतका अलंकृत का आहे आणि तो कसा पाहावा

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. आपण नोकरीनिमित्त टोकियोत राहता, आई-वडील भारतातून येणार आहेत आणि एक दिवस निक्कोला जाऊन तिथला तोशोगू, म्हणजे शोगुन (लष्करी राज्यकर्ता) तोकुगावा इएयासू याला देव मानून उभारलेला देवालयांचा परिसर, पाहण्याचा विचार आहे. छायाचित्रे पाहून मात्र आपण साशंक झाला आहात. जपानी वास्तुकला म्हणजे साधे लाकूड, कागदी पडदे आणि मोकळी जागा असे आपण ऐकत आला होता, आणि येथे तर सोने, लाख, रंग व कोरीव काम यांत एक वीतही जागा मोकळी दिसत नाही. ही राज्यकर्त्यांची समाधी असेल तर तिथे एवढा थाट कशासाठी, हे बौद्ध मंदिर आहे की शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ देवधर्माचे, देवस्थान, आणि रंग कालच दिल्यासारखे ताजे दिसतात तर त्यात जुने काही उरले आहे का, असे आपले तीन उपप्रश्न आहेत. शिवाय एका परिचिताने आपल्याला सांगितले की निक्को भडक आहे, त्यापेक्षा क्योटोला जा.

मी लाकडी वास्तूंच्या जतनाचे काम करतो. महाराष्ट्रातील वाडे आणि लाकडी सभामंडप असलेली देवळे हे माझे मुख्य क्षेत्र असले, तरी जपानी सुतारकाम आणि दुरुस्तीची तिथली पद्धत समजून घेण्यासाठी निक्कोला माझे वेळोवेळी जाणे झाले आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की आपला खरा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. एखादी वास्तू अलंकारांनी इतकी भरलेली असते तेव्हा पाहणाऱ्याची नजर कुठे ठरत नाही, आणि नजर ठरली नाही की 'सुंदर' किंवा 'भडक' एवढे दोनच शेरे हाती उरतात. निक्कोचे अलंकरण मात्र जागेजागी मोजून वापरलेले आहे. ते कुठे सुरू होते, कुठे वाढते आणि कुठे थांबते हे एकदा लक्षात आले की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडत जाते. जाणे योग्य की नाही, हे आपले आई-वडील किती पायऱ्या चढू शकतात, ऋतू कोणता आहे आणि आपण किती वाजता पोहोचता यांवरही अवलंबून आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

प्रथम ही वास्तू का उभी राहिली ते पाहू. तोकुगावा शोगुनशाहीचा संस्थापक तोकुगावा इएयासू १६१६ मध्ये सुन्पू येथे मरण पावला. मृत्यूपूर्वी त्याने दिलेल्या सूचना नोंदलेल्या आहेत: देह कुनो डोंगरावर ठेवावा, अंत्यविधी एदो (आजचे टोकियो) येथील झोजोजी मंदिरात करावेत, स्मृतिफलक मिकावा प्रांतातील दाइजुजी मंदिरात असावा, आणि वर्ष सरल्यावर निक्कोच्या डोंगरात एक लहानसे देवालय बांधून तिथे आपले आवाहन करावे, म्हणजे आपण कान्तोच्या, म्हणजे एदोभोवतालच्या, आठ प्रांतांचे रक्षक होऊ. 'लहानसे देवालय' हे शब्द ध्यानात ठेवावेत. त्याचा मुलगा, दुसरा शोगुन हिदेतादा याने १६१७ मध्ये निक्कोला देवस्थान उभारले. आज आपण जे पाहतो ते प्रामुख्याने इएयासूच्या नातवाचे, तिसरा शोगुन इएमित्सू याचे काम आहे. आजोबांवर त्याची विलक्षण भक्ती होती आणि त्यांच्या एकविसाव्या स्मृतिवर्षाच्या निमित्ताने १६३४ ते १६३६ या काळात त्याने जवळजवळ सारा परिसर नव्याने बांधला. कोरा मुनेहिरो हा त्या कामाचा प्रमुख सुतार होता आणि चित्रांची जबाबदारी कानो तान्यू याच्याकडे होती. खर्चाची नोंद त्या काळच्या मापांत ५,६८,००० रयो सोने, १०० कान चांदी आणि १,००० कोकु तांदूळ अशी आहे, मनुष्यदिवस ४५ लाखांच्या घरात जातात आणि एवढे काम सुमारे दीड वर्षात उरकले गेले. मला यात खर्चापेक्षा वेग अधिक थक्क करतो. तो कसा शक्य झाला हे पुढे सांगतो.

भक्ती हे एक कारण झाले, पण राजकारण हे तितकेच बळकट कारण होते. इएयासूपूर्वी सत्तेवर असलेल्या तोयोतोमी हिदेयोशीलाही मृत्यूनंतर देवपद मिळाले होते आणि क्योटोत त्याचे भव्य स्मारकदेवस्थान होते. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडून त्याचे घराणे संपल्यावर ते देवपद काढून घेतले गेले आणि ते स्थान ओसाड पडू दिले गेले. दुसऱ्याचे देवत्व आपणच पुसून टाकले असेल तर आपले देवत्व कोणी पुसू शकणार नाही अशा रीतीने उभे करणे भाग असते. इएयासूला कोणती पदवी द्यावी यावर वाद झाला, तेव्हा सूदेन या धर्माधिकाऱ्याने हिदेयोशीला दिलेली 'दाइम्योजिन' हीच पदवी सुचवली. तेन्दाई पंथाचा भिक्षू तेन्काई याने मात्र त्या पदवीच्या धन्याचे पुढे काय झाले याकडे बोट दाखवून 'दाइगोंगेन' या पदवीचा आग्रह धरला आणि तोच मान्य झाला.

आपला दुसरा उपप्रश्न इथेच सुटतो. गोंगेन म्हणजे लोकांच्या कल्याणासाठी बुद्धाने घेतलेले स्थानिक देवरूप. अवताराची कल्पना मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागू नये. इएयासूचे मूळ रूप याकुशी न्योराई, म्हणजे संस्कृत परंपरेतील भैषज्यगुरू बुद्ध, असे मानले गेले. म्हणून १७व्या शतकात कोणी 'हे बौद्ध की शिंतो' असे विचारले असते तर तो प्रश्नच कोणाला कळला नसता. देव, बुद्ध आणि पूर्वज येथे एकाच आवारात, एकाच पूजाव्यवस्थेत होते. शोगुनशाही संपल्यावर सम्राटाच्या नावाने आलेल्या मेइजी सरकारने १८६८ मध्ये देव आणि बुद्ध वेगळे करण्याचे आदेश काढले आणि निक्कोत १८७१ मध्ये त्यांची अंमलबजावणी होऊन डोंगराची तीन संस्थांत वाटणी झाली: तोशोगू व फुतारासान ही दोन शिंतो देवस्थाने आणि रिन्नोजी हे बौद्ध मंदिर. तरीही तोशोगूच्या आवारात पाच मजली पॅगोडा आजही उभा आहे, प्रवेशद्वारावर वज्रधारी बौद्ध द्वारपाल आहेत, आणि याकुशीचे सभागृहही आतच आहे. वाटणी कागदावर झाली, इमारती होत्या तिथेच राहिल्या.

आता अलंकरणाकडे येतो. माझा आग्रह आहे की प्रवेशद्वारापासून चालताना प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट विचारावी: येथे लाकूड उघडे आहे की झाकलेले, आणि झाकलेले असेल तर कशाने?

सुरुवातीला दगडी तोरी लागते. ही भव्य कमान १६१८ मध्ये फुकुओकाचा सरदार कुरोदा नागामासा याने अर्पण केली. दगड त्याच्या स्वतःच्या प्रांतातून, म्हणजे थेट क्यूशू बेटावरून, समुद्रमार्गे आणला गेला. तिच्यावर नक्षी जवळजवळ नाही. डावीकडचा पॅगोडा ओबामाचा सरदार साकाई तादाकात्सू याने १६५० मध्ये दिला. तो १८१५ मध्ये जळाला आणि त्याच घराण्याने १८१८ मध्ये पुन्हा बांधला. त्याचा मधला खांब वरच्या मजल्यावरून साखळीने टांगलेला असून तळाच्या दगडापासून थोडा अधांतरी आहे. भूकंपरोधक युक्ती म्हणून हे हल्ली फार सांगितले जाते. लाकडी बांधकामाच्या दृष्टीने मला दुसरे कारण अधिक पटते: लाकूड सुकत आणि दबत जाते तसे मजले खाली बसतात, आणि मधला खांब जमिनीवर ताठ उभा असेल तर तो वरच्या छपराला भोसकून गळती सुरू करतो. टांगलेला खांब मजल्यांबरोबर खाली येतो.

मुख्य द्वार ओलांडल्यावर तीन कोठारे लागतात. त्यांतील एकावर कानो तान्यूच्या रेखाटनावरून कोरलेले दोन हत्ती आहेत. त्याने हत्ती कधी पाहिला नव्हता, त्यामुळे कान, शेपटी आणि अंगावरचे केस भारतीय माणसाला चमत्कारिक वाटतील. आपल्या आई-वडिलांना ते नक्की दाखवा. समोरच पवित्र घोड्याचा तबेला आहे आणि इथे थांबणे माझ्या मते आवश्यक आहे. लोक इथे केवळ 'वाईट पाहू नका, बोलू नका, ऐकू नका' या तीन माकडांचे छायाचित्र घेऊन पुढे जातात. ती तीन माकडे आठ फलकांवरच्या सोळा माकडांच्या मालिकेतील एक फलक आहेत, आणि मालिकेत जन्मापासून पुढच्या पिढीपर्यंतचे आयुष्य सांगितले आहे. माकड घोड्याचे रक्षण करते अशी जुनी समजूत असल्याने ती तबेल्यावर आली. वास्तूच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्या फलकांच्या खाली आहे. माकडांना रंग आहे, पण तबेल्याचे खांब, तुळया आणि फळ्या कोऱ्या लाकडाच्या आहेत. रंगलेल्या एवढ्या इमारतींच्या मधोमध ही एक कोरी इमारत आहे, कारण ती जनावराची आहे. निक्कोत रंग हा दर्जा आहे, हे येथे स्वच्छ कळते.

मग पायऱ्या चढून आपण योमेइमोन या द्वारासमोर येतो. सुमारे ११ मीटर उंचीच्या या एका दरवाजावर ५०८ शिल्पे आहेत. पाहता पाहता दिवस मावळेल म्हणून त्याला दिवसभराचा दरवाजा असेही म्हणत आले आहेत. मी विद्यार्थ्यांना येथे एक साधी पद्धत सांगतो: खालून वर, थर-थर पाहा. सर्वांत खाली बारा पांढरे खांब आहेत, त्यांच्यावर शिंपल्यांच्या चुन्याचा लेप असून भोवऱ्यासारखी नक्षी कोरलेली आहे. त्यांच्या वर तुळयांची टोके प्राण्यांच्या मस्तकांची झाली आहेत. त्याच्या वरच्या पट्ट्यात, कठड्याखाली आणि कठड्यावर, माणसे आहेत: खेळणारी चिनी मुले, ऋषी, आणि लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्नान अर्धवट सोडून येणारा प्राचीन चीनचा आदर्श प्रशासक, चौचा सरदार. त्याच्या वर पुन्हा ड्रॅगनांच्या रांगा आणि मग छप्पर. म्हणजे पशू, माणसे आणि दैवी प्राणी अशी ती मांडणी आहे, आणि मधल्या माणसांच्या थरात राज्य कसे करावे हे सांगितले आहे. शांत राज्यातच मुले निर्धास्त खेळतात. शतकभराच्या यादवीनंतर सत्ता मिळवलेल्या घराण्याने आपल्या दारावर मुलांचे खेळ का कोरले असतील, हे वेगळे सांगायला नको.

पलीकडे जाताना डाव्या हाताला आतल्या बाजूच्या एका खांबावरची भोवऱ्याची नक्षी उलटी आहे. पूर्ण झालेल्या वास्तूचा ऱ्हास त्याच क्षणी सुरू होतो, म्हणून ती जाणूनबुजून अपुरी ठेवली, असे परंपरा सांगते.

योमेइमोनच्या पुढे कारामोन हा लहान, पांढऱ्या रंगाचा दरवाजा आहे. आकाराने तो फारच छोटा आहे, पण दर्जाने वरचा, आणि त्यावरचे काम अधिक बारीक. तिथे प्राचीन चिनी सम्राट शुन याच्या दरबारातील भेटीचे दृश्य कोरले आहे, आणि शोगुनासमोर हजर होण्याचा अधिकार असलेल्यांनाच त्या दारातून जाता येई. दारावर दरबार आणि दारातून दरबारी, असा हा मेळ आहे. हे सारे कोणाला दिसावे म्हणून होते हेही लक्षात घ्यावे: देशभरचे सरदार, क्योटोच्या राजदरबाराचे दूत, आणि १६३६, १६४३ व १६५५ मध्ये इथवर आणलेली कोरियाची राजशिष्टमंडळे. डच व्यापाऱ्यांनी १६४३ मध्ये दिलेला पितळी फिरता दिवा अजून आवारात आहे. त्यावर तोकुगावांचे तीन पानांचे चिन्ह उलटे बसले आहे, आणि ते तसेच ठेवले गेले.

कारामोनच्या मागची मुख्य इमारत म्हणजे पुढे प्रार्थनामंडप, मागे गाभारा आणि दोहोंना जोडणारा, जमिनीची पातळी खाली असलेला मधला कक्ष. तिन्ही एका छपराच्या रचनेत बांधलेले असतात. ही मांडणी आधीपासून होती. क्योटोचे कितानो तेन्मान्गू आणि सेन्दाईचे ओसाकी हाचिमान ही १६०७ ची उदाहरणे आहेत. पण नाव मात्र इएयासूच्या पदवीवरून 'गोंगेन शैली' असेच पडले.

आणि आता ज्या जागेसाठी मी हे उत्तर लिहायला घेतले ती जागा. मुख्य इमारतीच्या उजवीकडे एका दाराच्या वर झोपलेल्या मांजराचे प्रसिद्ध शिल्प आहे, हिदारी जिंगोरो याच्या नावावर सांगितले जाणारे. त्यासाठी रांग लागते. शिल्प चांगले आहे, पण त्याचे खरे काम उंबरठा दाखवण्याचे आहे. त्या दाराच्या पलीकडे २०७ दगडी पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना सुगीची (जपानी देवदाराची) उंच झाडे आहेत, आणि त्या पायऱ्या चढू लागताच अलंकरण थांबते. ना रंग, ना पशू, ना माणसे. शेवाळलेला दगड, ओले लाकूड आणि सावली. वर एक काळसर, संयत प्रार्थनामंडप आहे, त्याच्या मागे ओतीव काशाचे दार, आणि त्यामागे कठड्याच्या आत इएयासूची समाधी, स्तूपाच्या घाटाची. ती प्रथम लाकडाची होती, नंतर दगडाची झाली, आणि १६८३ च्या भूकंपात दगडी समाधी मोडल्यावर पाचवा शोगुन त्सुनायोशी याच्या काळात आजची ओतीव धातूची बसवली गेली. तिच्यावर एकही रंगीत आकृती नाही.

म्हणजे 'समाधीवर एवढा थाट कशाला' या प्रश्नाचे उत्तर असे की समाधीवर थाट नाहीच. थाट आहे तो देव झालेल्या माणसाच्या दरबारावर, जिथे जिवंत माणसे हजेरी लावतात. जसजसे आपण दरबाराच्या मध्याकडे जातो तसतसे अलंकरण दाटत जाते, आणि देहाच्या दिशेने वळलो की ते संपते. ही दुहेरी रचना मी अन्यत्र इतक्या ठामपणे पाहिलेली नाही. म्हणूनच जे प्रवासी मांजरापर्यंत येऊन मागे फिरतात त्यांना निक्को भडक वाटले तर मला आश्चर्य वाटत नाही. त्यांनी अर्धीच वास्तू पाहिलेली असते.

तिसरा उपप्रश्न रंगाच्या ताजेपणाचा. माझ्या व्यवसायात हा नेहमीच कळीचा असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. निक्को हे समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर, धुके, पाऊस आणि हिम यांच्या प्रदेशात आहे. तिथे उघडे लाकूड बुरशीने आणि किडीने खाल्ले जाते. लाकडावर प्रथम उरुशीचे अनेक थर चढतात. 'लाख' म्हटल्यावर आपल्याला सावंतवाडीचे काम आठवते, पण आपली लाख कीटकांपासून मिळते आणि उरुशी हा एका झाडाचा चीक आहे. तो उष्णतेने नव्हे, दमट हवेत घट्ट होतो आणि मग पाण्याला दाद देत नाही. त्यावर सोन्याचा वर्ख, आणि वर्खावर किंवा शिंपल्याच्या पांढऱ्या लेपावर सरसात कालवलेले खनिज रंग. उरुशीला सूर्यप्रकाश सोसत नाही आणि सरसाला पाणी सोसत नाही. म्हणून हे वरचे कवच ठरावीक काळाने झिजणार हे बांधणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात तेव्हा जुने घर खोटे झाले असे कोणी म्हणत नाही. निक्कोतील रंगकामाकडे त्याच नजरेने पाहावे. शोगुनशाहीच्या काळात सरकारी खर्चाने नियमित दुरुस्त्या होत, आणि आजही डोंगरावर त्याच कामासाठी कायम कारागीर आहेत.

योमेइमोनची अलीकडची मोठी दुरुस्ती २०१३ ते २०१७ या काळात झाली. त्या कामात सुमारे २,४०,००० सोन्याचे वर्ख लागले. बाजूच्या भिंतींवरचे कोरीव फलक काढले तेव्हा त्यांच्या मागे जुन्या काळातील रंगचित्रे सापडली. ही घटना मला फार बोलकी वाटते: आज आपण जे 'मूळ' समजतो तेही एका जुन्या दुरुस्तीत बदललेले असू शकते, आणि तो बदलही इतिहासच आहे. २०१५ मध्ये जपानच्या सांस्कृतिक खात्याने राष्ट्रीय ठेव्यांच्या दुरुस्तीत शक्यतो देशी उरुशीच वापरण्याचे धोरण घेतले. त्यामुळे इवाते प्रांतातील जोबोजी भागात झाडाचा चीक काढणाऱ्यांच्या कामाला पुन्हा मागणी आली. एका दरवाजाच्या रंगकामावर दूरच्या जंगलातील कसब अवलंबून असते, हे आपल्याकडेही समजून घेण्यासारखे आहे. आपल्या अनेक देवळांत जुन्या सागवानी खांबांवर तैलरंगाचे थर चढवले जातात आणि खालचे कोरीव काम बुजून जाते. रंग देणे हा तिथला दोष नसतो. आधी काय होते याची नोंद न करता, लाकडाला श्वास न घेऊ देणारा रंग देणे हा दोष असतो.

तर, जुने काय उरले आहे? लाकडी सांगाडा आणि शिल्पे बव्हंशी १६३६ ची आहेत. वरची त्वचा नव्याने येत राहिली आहे. बांधकामाचा वेगही याच रचनेतून समजतो. बरीचशी शिल्पे खांब-तुळयांच्या चौकटीत बसवलेले स्वतंत्र फलक आहेत किंवा तुळयांच्या टोकांचे वेगळे तुकडे आहेत. सांगाडा डोंगरावर उभा राहत असताना शेकडो कारागीर फलक खाली बसून कोरू शकत होते, आणि आज दुरुस्तीच्या वेळी तेच फलक काढून कार्यशाळेत नेता येतात. छपरांवर आरंभी सुरूवर्गीय झाडाच्या सालीचे थर होते, ते १७व्या शतकातच तांब्याच्या पत्र्यांनी बदलले गेले. पूर्ण नवे बांधकाम हवे असेल तर याकुशीचे सभागृह पाहावे: ते १९६१ मध्ये आगीत गेले आणि पुन्हा बांधले. छतावर ड्रॅगनचे चित्र आहे, आणि त्याच्या मस्तकाखाली लाकडी ठोकळे वाजवले की आवाज थरथरत फिरतो.

क्योटोला जा असे सांगणाऱ्या आपल्या परिचिताच्या मताला मोठा वंश आहे. जर्मन वास्तुविशारद ब्रूनो टाउट १९३३ मध्ये जपानला आला आणि त्याने क्योटोचा कात्सुरा प्रासाद व इसेचे देवस्थान यांची मनापासून स्तुती करताना निक्कोला दिखाऊ ठरवले. आधुनिक वास्तुशास्त्राला स्वच्छ रेषांचा पूर्वज हवा होता आणि तो कात्सुरात सापडला. त्याची स्तुती योग्य होती, निंदा माझ्या मते अन्याय्य. कात्सुराची उभारणी आणि निक्कोची पुनर्बांधणी एकाच शतकाच्या पूर्वार्धातली आहे. राजघराण्यातील माणूस चंद्र पाहण्यासाठी जे बांधतो आणि सत्ताधारी घराणे आपल्या दैवताचा दरबार म्हणून जे बांधते, त्यांची मोजपट्टी एक असू शकत नाही. दोन्ही तितकेच जपानी आहेत.

ज्यांना तोशोगू खरोखरच दाट वाटतो त्यांना मी त्याच डोंगरावरील ताइयुइन पाहायला सांगतो, आणि खरे सांगायचे तर माझे स्वतःचे मन तिथे अधिक रमते. ही इएमित्सूची समाधी. तो १६५१ मध्ये वारला आणि १६५३ मध्ये ती पूर्ण झाली. आजोबांच्या स्थानापेक्षा आपले स्थान वरचढ नसावे अशी त्याची इच्छा होती, म्हणून येथे पांढऱ्याऐवजी काळा आणि सोनेरी रंग प्रमुख आहे, आणि मुख्य इमारतीचे तोंड तोशोगूच्या दिशेने आहे. वाट वळणावळणाने चढते आणि एकामागून एक दरवाजे येतात. एका दरवाजावर चार यक्ष पहारा देतात, त्यांचे 'याशा' हे नाव आपल्या यक्षांचेच आहे. शेवटी मिंग काळातील चिनी धाटणीचा एक पांढरा दरवाजा बंद उभा असतो. त्याच्या पलीकडची समाधी सर्वसामान्यांसाठी खुली नाही. ताइयुइन रिन्नोजीच्या अखत्यारीत असल्याने त्याचे तिकीट वेगळे घ्यावे लागते. बहुतेक सहली ते वगळतात, म्हणून तिथे शांतता मिळते.

टोकियोतच अशी समाधिमंदिरे पाहता येतील का, असा पर्याय मनात येऊ शकतो. झोजोजी आणि कान्एइजी या मंदिरांत प्रत्येकी सहा शोगुनांच्या समाध्या आहेत, पण झोजोजीची भव्य समाधिमंदिरे १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळाली. हिदेतादाच्या समाधिमंदिराची १९१० च्या लंडन प्रदर्शनासाठी केलेली एक दशांश आकाराची लाकडी प्रतिकृती मात्र वाचली आणि ती आता झोजोजीतच पाहता येते. आई-वडिलांना लांबचा प्रवास झेपणार नसेल, तर ती प्रतिकृती आणि उएनो उद्यानातील १६५१ चे तोशोगू मिळून अर्ध्या दिवसात चांगली कल्पना येते. आठवा शोगुन योशिमुने याने काटकसरीसाठी नवी समाधिमंदिरे बांधणेच बंद केले, त्यामुळे नंतरच्या शोगुनांची स्वतंत्र उदाहरणे शोधू नयेत.

निक्कोला जायचेच ठरले तर आसाकुसाहून रेल्वेने सुमारे दोन तासांत पोहोचता येते, आणि सकाळी दार उघडण्याच्या वेळी तिथे असणे हिताचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानांचे रंग पाहायला येणाऱ्यांची गर्दी पायऱ्यांवरही जाणवते. हिवाळ्यात गर्दी कमी असते, पण देवस्थान लवकर बंद होते आणि दगड निसरडे असतात. वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर तोशोगूच्या २०७ पायऱ्या आणि ताइयुइनची चढण दोन्ही एका दिवशी ठरवू नयेत. त्या स्थितीत मी तबेला, योमेइमोन आणि मुख्य इमारत निवांत दाखवून, मग त्यांना खाली विश्रांतीसाठी बसवून आपण एकट्याने समाधीपर्यंत जाऊन यावे असे सुचवेन. त्यांना चढता येत असेल, तर मात्र आधी समाधीकडे जावे आणि परतताना योमेइमोन दुसऱ्यांदा, आतल्या बाजूने पाहावे. कुठे ना कुठे परांची बांधलेली असेलच. तिच्यामुळे हिरमुसून न जाता तिथे लावलेले माहितीफलक वाचावेत. दुरुस्तीत कोणता थर कसा दिला जातो हे त्यांवर बहुधा चित्रांसह दिलेले असते.